बीएस-एमडी: हायस्कूलमधूनच मेडिकलची जागा – अर्ज करावा का, आणि तयारी कशी?

शरयू_एनजे
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, न्यू जर्सीतलं साधं सरकारी हायस्कूल. डॉक्टर व्हायचं हे तिच्या मनात बरीच वर्षं आहे, आणि आता तिने बीएस-एमडीचं काढलंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत एरवी आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), मग मेडिकलचे अर्ज आणि त्यानंतर चार वर्षं एमडी. बीएस-एमडीत कॉलेज आणि मेडिकल स्कूल या दोन्ही जागा हायस्कूल संपतानाच ठरतात. अर्थात जागा अगदी मोजक्या.

घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, सतराव्या वर्षी पोरीला एका खुंट्याला बांधू नका. माझं म्हणणं, तिलाच हवंय तर आपण आडवं का जायचं? पण अर्ज उघडून बघितले आणि धडकी भरली. नेहमीच्या कॉमन ॲपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज) निबंधावर प्रत्येक ठिकाणी आणखी निबंध: डॉक्टरच का, आमच्याकडेच का, आठ वर्षं कशी घालवशील. ग्रेड उत्तम आहेत, एसएटीत (कॉलेजची प्रवेश परीक्षा) १६०० पैकी १५४०. पण विज्ञानातलं राष्ट्रीय बक्षीस नाही, शोधनिबंधावर नाव नाही. दर शनिवारी गावातल्या नर्सिंग होममध्ये जाते, तेवढं मात्र न चुकता.

एवढ्या शिदोरीवर अर्ज करण्यात अर्थ आहे का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी हात राखून न ठेवता लिहा.

पेरूची_फोड
वाचतेय. आमचा आत्ता नववीत आहे, पण त्याच्या मित्रांच्या आयांची कुजबुज ऐकून मलाच घाम फुटतो.

ओहायोकर
मुलगा यातून गेलाय, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, सगळे बीएस-एमडी एकाच गठ्ठ्यात बांधू नका. लोक 'वीस ठिकाणी टाकलं, कुठेतरी लागेल' असं करतात आणि वीसही निबंध सारखेच निघतात.

कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठाचा (यूएमकेसी) कार्यक्रम सहा वर्षांचा आहे, १९७१ पासून चालू. उन्हाळ्याची सुट्टी जवळपास विसरायची, पण रुग्णांशी गाठ अगदी सुरुवातीपासून. तुमच्या जवळचा टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यूअर्कच्या रटगर्स मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा. ब्राऊनचा पीएलएमई आठ वर्षांचा, तिथे एमकॅट नाही आणि इतिहास किंवा संगीत घेऊन पदवी केली तरी चालते, उलट त्यांना ते आवडतं. ऑल्बनी मेडिकल कॉलेजचे तर वेगवेगळ्या कॉलेजांबरोबर वेगवेगळे: आरपीआय या तंत्रविद्यापीठाबरोबरचा संशोधनाकडे झुकलेला, सिएनाबरोबरचा समाजसेवा आणि मानव्यविद्यांकडे, युनियनबरोबरचा आरोग्यव्यवस्थेच्या व्यवस्थापनाकडे. न्यूयॉर्क शहरात हार्लेमला क्युनीचा (शहराचं सरकारी विद्यापीठ) सात वर्षांचा आहे, तो न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी, आणि डॉक्टरांची वानवा असलेल्या वस्त्यांत काम करणारे डॉक्टर तयार करणं हाच त्याचा हेतू आहे.

आता बघा, पेशी रंगवत तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारं पोर आरपीआयला शोभेल, सिएनाला नाही. तुमची लेक शनिवारी वृद्धांकडे जाते म्हणता, तर तुमची यादी तिथून सुरू होते.

आणि जुन्या याद्यांवर विसंबू नका. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एचपीएमई हा असाच कार्यक्रम एके काळी सगळ्यांच्या तोंडी असायचा, तो बंद झाला. तरी अजून कुणी ना कुणी तो यादीत लिहून पाठवतंच.

टेकडीवरचा
मी विरोधी पक्षात बसतो, चालेल ना?

हमी हमी म्हणतात ती नीट वाचा. बहुतेक ठिकाणी जीपीए (ग्रेडची सरासरी) अमुक एका पातळीच्या वर ठेवायचा असतो, काही ठिकाणी एमकॅटही द्यावी लागते आणि किमान गुण लागतात. ते हुकलं की जागा गेली. म्हणजे वर्षानुवर्षं एका आकड्याच्या धाकात राहायचं.

दुसरं, जी मुलं बीएस-एमडीत निवडली जातात ती नेहमीच्या वाटेनेही मेडिकलला पोचलीच असती. मग त्यांनी घाई का करायची? आमच्या ओळखीतली एक मुलगी तिसऱ्या वर्षी सगळं सोडून आर्किटेक्चरला गेली. आज आनंदात आहे. पण आईवडिलांना तोंड द्यायच्या भीतीने तिने आधीचं अख्खं वर्ष गप्प राहून काढलं, ते मी जवळून पाहिलंय. शरयू, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटतं.

बीजे_बॅच७८
सतरा वर्षं लहान? पुण्यात आमच्या वर्गातले सगळेच सतरा-अठराचे होतो. शवविच्छेदनाच्या हॉलमधला पहिला दिवस, फॉर्मॅलिनने डोळे झोंबताहेत, आणि मिसरूडही न फुटलेली पोरं टेबलाभोवती उभी. त्यातूनच उत्तम सर्जन निघाले. भारतात आजही साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप, बारावीनंतर थेट.

'आधी पदवी, मग मेडिकल' हा अमेरिकेचा शिरस्ता फार जुना नाही. जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी पदवीची अट घातली. १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणावरचा फ्लेक्सनरचा अहवाल आला. त्या काळी अमेरिकेत पैसे घेऊन डॉक्टर बनवणारी सुमार कॉलेजं बोकाळली होती, प्रयोगशाळा नाही, रुग्णालय नाही. अहवालानंतर त्यातली बरीच बंद पडली आणि हॉपकिन्सचा नमुना सगळीकडे रुजला. चांगलंच झालं ते. पण सतराव्या वर्षी निर्णय घेणं म्हणजे अघोरी काहीतरी, हे मला मान्य नाही.

टेकडीवरचा
काका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण एक फरक आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांपुढे दुसरी वाट नव्हती. इथे आहे. इथे पोर कॉलेजात जाऊन एक सेमिस्टर भूगर्भशास्त्र घेतं आणि त्यात रमतं. ती मुभा आपण का काढून घ्यायची?

डॉ_खडीसाखर
मी इंटर्निस्ट आहे, म्हणजे मोठ्या माणसांचे आजार बघायचे. अशाच एका कार्यक्रमाच्या मुलाखती काही वर्षं घेतल्यात, नाव लिहीत नाही. शरयूताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट नर्सिंग होमची आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत.

आमच्यापुढे येणाऱ्या सगळ्याच मुलांच्या ग्रेड चांगल्या असतात. एसएटीने तिथे कुणी उठून दिसत नाही. एका मुलाच्या अर्जात दोन शोधनिबंध होते. त्यात तुझं काम काय होतं, असं विचारलं. विषय त्याने छान समजावून सांगितला, पण स्वतःच्या हातांनी काय केलं ते काही सांगता येईना.

त्याच दिवशी एक मुलगी आली. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर वेळी उशिरा यायचे. तीस गोळ्यांची बाटली त्यांना पंचेचाळीस दिवस पुरायची. हिने कॉम्प्युटरवरच्या तारखा पाहिल्या आणि तिच्या लक्षात आलं की आजोबा दर तिसऱ्या दिवशी गोळी चुकवताहेत. तिने फार्मासिस्टला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि स्वस्तातली दुसरी गोळी सुरू झाली. मी विचारलं, तू आजोबांनाच का नाही विचारलंस? म्हणाली, "मागे रांग होती. सगळ्यांसमोर पैशांचं विचारलं असतं तर ते परत आलेच नसते."

सतरा वर्षांची मुलगी हो! मी माझा शेरा लिहायला दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

लेकीला एक वही घालायला सांगा. दर शनिवारी घरी आल्यावर चार ओळी. रुग्णाचं नाव, खोलीचा नंबर काही लिहायचं नाही. काय पाहिलं, काय कळलं नाही, कशाचा राग आला. जेवणाचा ट्रे पुढ्यात तसाच राहतो कारण आजींना झाकण उघडता येत नाही, असलं काहीतरी तिने नक्की पाहिलं असणार. निबंध त्यातून निघतो. विकत घेतलेल्या उन्हाळी शिबिरातून निघत नाही. हजारो डॉलर घेऊन 'प्रोफाइल बनवून' देणारे सल्लागार मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडून आलेले निबंध आम्हाला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतात.

पेरूची_फोड
डॉक्टर, हा प्रतिसाद मी मुलाला मराठीतून वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला ग्रोसरीत नोकरी लागली तर चालेल का?" चालेल ना?

डॉ_खडीसाखर
धावेल. माणसांशी रोज बोलावं लागतं अशी कुठलीही नोकरी.

तर्रीबाज
एवढी यातायात करण्यापेक्षा पोरांना 'नीट' (भारतातली मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायला लावा आणि पाठवा मुंबईला. आजीआजोबाही खूश.

लातूरची_लेक
तर्रीबाज, नीट म्हणजे काय ते आमच्या गावात येऊन बघा. २०२४ मध्ये २४ लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली होती. पहाटे पाचला क्लासच्या खोल्यांमधले दिवे लागलेले असतात. इथली मुलं दोन-दोन वर्षं त्या ७२० गुणांसाठी झिजतात, आणि राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. अमेरिकेत शिकलेल्या मुलाला ते दार बंदच.

ओसीआय कार्डवाल्यांसाठी (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) ४ मार्च २०२१ ला अधिसूचना निघाली, त्यांना एनआरआय आणि तशा जागांपुरतंच ठेवणारी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्वलक्ष्यी प्रभावाने लावता येणार नाही असं सांगितलं. त्यामुळे त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना दिलासा मिळाला, पण परीक्षेतली चुरस तीच. आणि पुढे अमेरिकेतच परत यायचं असेल तर यूएसएमएलई (तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) आणि रेसिडेन्सीची (एमडीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) खटपट वेगळी.

धुक्यातला_पूल
लंडनहून. इथेही बारावीनंतर थेट मेडिसिन, पाच किंवा सहा वर्षं. यूकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, आणि मेडिसिनसाठी फक्त चार विद्यापीठं निवडता येतात. त्या चारच्या अटीमुळे वीस-वीस अर्जांचा प्रकार मुळातच होत नाही. मुलांच्या डोक्याला केवढी शांतता! अमेरिकेत ही मर्यादा का नाही, हे मला कधी कळलं नाही.

एच४_आई
विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर, मुलगा एच-४ (त्यावर अवलंबून कुटुंबीयांचा व्हिसा) वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्याच्यासाठी या कार्यक्रमांचा उपयोग आहे का?

ओहायोकर
ताई, बहुतेक ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. एकूणच परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूलं इथे कमी. आणि दुसरा पेच असा की एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. सात-आठ वर्षांच्या अभ्यासक्रमात तो दिवस मध्येच कुठेतरी येणार. अर्ज भरण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाला ईमेल करून लेखी विचारा, 'सध्या एच-४, पुढे विद्यार्थी व्हिसा झाला तर मेडिकलची जागा टिकेल का?' लेखी उत्तर हातात असल्याशिवाय फी भरू नका.

एच४_आई
आभार. पोटात खड्डा पडला, पण आत्ताच कळलं हे बरं.

गवतीचहा
मी यात आत्ता आहे! सात वर्षांचा प्रोग्रॅम, तिसरं वर्ष. सातवीपर्यंत नाशिकला होते, म्हणून मराठी टिकलंय. आईने हा धागा पाठवला.

टेकडीवरचा काका, तुमचं म्हणणं माझ्या काही मित्रांच्या बाबतीत खरं आहे. तीन वर्षांत पदवी बसवायची म्हणून उन्हाळ्यातही ऑरगॅनिक केमिस्ट्री. दोघांनी सोडलं. एक आता शाळेत शिकवतोय आणि फार छान शिकवतोय.

पण मला या हमीने उलट मोकळं केलं. एमकॅटची भीती नव्हती, म्हणून मी अमेरिकन खुणांची भाषा शिकले. नुसती हौस होती. परवा क्लिनिकमध्ये एक कर्णबधिर बाई आल्या होत्या, दुभाषी स्क्रीनवर यायला वेळ लागत होता. मला वैद्यकीय काही बोलायची परवानगी नाही, पण 'किती वेळ झाला बसून? पाणी हवं का?' एवढं हातांनी विचारलं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. नेहमीच्या वाटेने गेले असते तर मी तो क्लास घेतलाच नसता, जीपीएला धोका म्हणून.

मुलाखतीबद्दल: बऱ्याच ठिकाणी एमएमआय (अनेक छोट्या मुलाखतींची मालिका) असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेली पद्धत आहे ही. एकापाठोपाठ एक खोल्या, दारावर प्रसंग लिहिलेला, तो वाचायला मिनिट-दोन मिनिटं, मग आत जाऊन बोलायचं. लॅबमधल्या जोडीदाराने आकडे बनवले तर काय करशील, असले प्रश्न. पाठ केलेली उत्तरं तिथे कोसळतात, कारण समोरचा मध्येच विचारतो, 'आणि तो जोडीदार तुझा सख्खा मित्र असेल तर?' सराव घरीच करा. जेवताना आई प्रसंग सांगायची आणि बाबा मुद्दाम उलट बाजू घ्यायचे.

माझी आजी अजून विचारते, "सात वर्षांत डॉक्टर? मग आठव्या वर्षाचं कुणाला दिलंस?"

बीजे_बॅच७८
गवतीचहा, बाळ, तुझ्यासारख्या मुली डॉक्टर होणार असतील तर आम्ही निर्धास्त. आजींना नमस्कार सांग.

हिशेबनीस
पैशांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने विद्यार्थी कर्जाचं चित्र पालटलंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) मिळणार नाही. मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाखांपर्यंतच. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासकट ३ लाखांच्या पुढे सहज जातो. वरचे कुठून आणणार? खासगी कर्ज, तेही बहुधा आईवडिलांच्या जामिनावर.

म्हणून यादी करताना मेडिकलच्या चार वर्षांचा खर्च आधी लिहा, कॉलेजचा नंतर. लोक कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर भाळतात आणि पुढचा डोंगर बघत नाहीत. स्वतःच्या राज्यातलं सरकारी मेडिकल स्कूल जोडलेलं असेल तर तो कार्यक्रम पहिल्या ओळीत. सात वर्षांच्या कार्यक्रमात एक वर्षाची कॉलेज फी वाचते आणि कमाई वर्षभर आधी सुरू होते, हेही धरा.

टेकडीवरचा
हिशेबनीस, हा मुद्दा माझ्या विरोधाला भोक पाडतो, पण योग्य आहे.

एक आकडा मीही देतो. २०२३-२४ च्या फेरीत अमेरिकेत एमडीसाठी ५२ हजारांहून जास्त जणांनी अर्ज केले आणि प्रत्यक्ष प्रवेश मिळाला जवळपास २३ हजारांना. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक एमकॅट वगैरे सगळं करूनही त्या वर्षी बाहेर राहिले. हे बघता हमीला किंमत आहे, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ती हमी पोराला हवी असावी, घराला नव्हे.

लातूरची_लेक
शेवटचं वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक क्लासच्या दारावर लावायला हवं.

ओहायोकर
दोन गोष्टी राहिल्या. डीओचे (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) एकत्रित कार्यक्रमही आहेत, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या एनवायआयटीचा. २०२० पासून एमडी आणि डीओ रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्था एक झालीय, त्यामुळे नाक मुरडू नका. आणि हायस्कूलमध्ये नाही जमलं तरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करता येणारे मार्ग आहेत, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलचा फ्लेक्समेड तसाच. म्हणजे आत्ताचा नकार हा शेवटचा नसतो.

शरयू_एनजे
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री आम्ही तिघांनी बसून हा धागा वाचला. नवऱ्याने टेकडीवरचा यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचले, लेकीने गवतीचहाचा.

वहीचं विचारलं तर कळलं, फोनमध्ये ती आधीपासूनच लिहिते. मला माहीतच नव्हतं. एक नोंद वाचायला दिली: एक आजी दर शनिवारी तिला स्वतःची नर्स समजून शिव्या घालतात, आणि निघताना डोक्यावरून हात फिरवतात. खाली लिहिलं होतं, 'त्या मला ओळखत नाहीत, तरी निरोप देतात. हे मेंदूच्या कुठल्या भागात टिकतं?' ते वाचून नवरा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, करू दे अर्ज.

तर ठरलं ते असं. वीस नाहीत, पाच. टीसीएनजे, सिएना, ब्राऊन नक्की, बाकी दोन हिशेबनीस यांच्या पद्धतीने खर्च मांडून. त्याशिवाय साधी कॉलेजं, तिला खरोखर आवडणारी. मेडिकलची जागा काढून टाकली तरी तिथे जायला आवडेल का, हा प्रश्न तिने प्रत्येकापुढे लिहिलाय, आणि त्यावर एक नाव तिनेच खोडलं.

एक शंका उरली. शिफारसपत्र रसायनशास्त्राच्या बाईंकडून घ्यायचं की नर्सिंग होममधल्या ॲक्टिव्हिटी डायरेक्टरकडून? बाई तिला 'हुशार, कष्टाळू' असं लिहितील. दुसऱ्या बाई तिला शनिवारी बघतात.

डॉ_खडीसाखर
शिक्षकांचं बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, ते घ्याच. पण जिथे जादा पत्राला जागा आहे तिथे डायरेक्टर बाईंचं. त्यांना विनंती एवढीच करा की विशेषणं नकोत, एखादा प्रसंग लिहा. आणि मे महिन्यातच विचारा, सप्टेंबरात नको. अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरात येते आणि तोवर सगळ्यांचीच धावपळ उडालेली असते.

शरयू_एनजे
शनिवारी तीच विचारेल त्यांना. ब्राऊनला अर्ली डिसिजन (लवकर आणि बांधील अर्ज) टाकावं का, याचा वेगळा धागा काढते, इथे फार लांबेल.